तुमचे प्रश्न, वर्कशॉपची उत्तरं : आयटीआयमधले नवे सर, नव्या मॅडम आणि पोरांचे 'उद्योग'

ऑगस्टमध्ये आयटीआय सुरू झाली की दोन महिन्यांत पत्रांचा ढीग येतो, दरवर्षीचं आहे. यंदा गंमत अशी की निम्म्याहून जास्त पत्रं दोनच गोष्टींवर आहेत, एक म्हणजे नवीन आलेले सर किंवा मॅडम, आणि दुसरं म्हणजे प्रॅक्टिकल सोडून पोरं बाकी जे काय काय करतात ते. मी ३१ वर्षं निदेशक, म्हणजे आयटीआयचा शिक्षक होतो, शेवटी गटनिदेशक म्हणून रिटायर झालो, ट्रेड माझा टर्नर, म्हणजे लेथवर धातूचे जॉब फिरवून कापणारा. म्हणजे उत्तर देताना मी थोडा लेथच्या बाजूने बोलणार हे गृहीत धरा.

प्रश्न : माझा मुलगा फिटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुने सर रिटायर झाले आणि त्यांच्या जागी एकदम तरुण सर आलेत. ते आल्यापासून पोरगा घरी रात्री आठला येतो. काय तर म्हणे तंत्रप्रदर्शनासाठी उसाचे डोळे काढायचं मशीन बनवतोय. त्याआधी पंधरा ऑगस्टची परेड झाली, झाडं लावणं झालं, गणपती झाले. मग शिकणार कधी? नापास झाला तर? सरांना जाऊन भेटू का?
— एक आई, वाळवा तालुका

उत्तर : ताई, भेटा, नक्की भेटा, फक्त भांडायच्या तयारीने जाऊ नका.

आधी परीक्षेचं बघू म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. आयटीआयला प्रॅक्टिकलमध्ये पास व्हायला ६० टक्के लागतात आणि थिअरीत ३३. हा फरकच सांगतो की इथे हाताला किती किंमत आहे. थिअरी हल्ली कॉम्प्युटरवर असते, पर्यायी प्रश्न असतात, ती पोरं शेवटच्या महिन्यात रट्टा मारून काढतात (काढू नये, पण काढतात). प्रॅक्टिकल तसं निघत नाही. आणि हजेरी ८० टक्के पाहिजे, ती मात्र तुम्ही विचाराच, कारण परेडच्या तयारीच्या नावाखाली गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसणारी पोरं मी आयुष्यभर पकडलीत.

आता ते उसाच्या डोळ्याचं मशीन. तुमच्याकडे ऊस आहे म्हणजे तुम्ही ते पाहिलं असेल, दांडा दाबला की अर्धगोल पातं खाली येतं आणि कांडीवरचा डोळा तेवढा निघतो, मग रोपवाटिकेत लावायचा. दिसायला सोपं आहे. पण त्याची पिन सैल झाली की पातं वाकडं पडतं आणि डोळा फाटतो. पिन घट्ट झाली तर दिवसभर दाबणाऱ्या बाईचा खांदा जातो. म्हणजे भोक किती पाडायचं, रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) कुठला मारायचा, पिन किती सैल ठेवायची, पात्याला कुठलं स्टील, ते कडक कसं करायचं, हे सगळं फिटरच्या अभ्यासातलंच आहे हो. पहिल्या वर्षी तो पोरगा अर्ध्या मिलीमीटरच्या हिशोबात कानस मारत होता, पुढे टी-फिटिंगचा (टी आकाराचा तुकडा खाचेत बसवायचा) जॉब येतो तिथे ०.०४ मिलीमीटरवर बोलणं जातं, आणि ते कशासाठी हे त्याला वर्गात कळत नाही, त्या पिनेपाशी कळतं. शिवाय नव्या अभ्यासक्रमात दरवर्षी १५० तास कंपनीत जाऊन शिकायचंय आणि जवळपास कंपनी नसेल तर ग्रुप प्रोजेक्ट करायचाय. तर नवे सर काही जगावेगळं करत नाहीयेत.

पण एक गोष्ट मात्र तपासा आणि हे मी अनुभवाने सांगतोय. काही ठिकाणी प्रदर्शनाचं मॉडेल चक्क बाहेर फॅब्रिकेटरकडून करून आणतात, रंग मारतात, पोरांना धुतलेले ॲप्रन घालून शेजारी उभं करतात. मी परीक्षक म्हणून गेलो होतो एकदा, मॉडेल एकदम झकास, मी पोराला विचारलं ही वेल्डिंग कुणी केली, तो प्रामाणिक होता बिचारा, म्हणाला 'सर, स्टँडच्या मागच्या गाळ्यात केलीय'. म्हणून मॉडेलबद्दल सरांना काही विचारू नका, पोराला विचारा. पात्याला हेच स्टील का घेतलं, किती तुकडे स्क्रॅप झाले? तीन-चार वाया गेले म्हणाला तर निश्चिंत राहा. एकपण वाया गेला नाही म्हणाला तर मात्र सरांना भेटा आणि थोडं भांडलात तरी चालेल.

प्रश्न : सर, मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय, दोन वर्षं पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत काम केलं आणि तीन आठवड्यांपूर्वी वायरमन ट्रेडला निदेशक म्हणून जॉइन झाले. युनिटमध्ये २० पोरं, मुलगी एकही नाही. पहिल्याच दिवशी मागून एकाने विचारलं, 'मॅडम, तुम्हाला पोलवर चढता येतं का?' सगळे हसले, मी काहीच बोलू शकले नाही. सीनियर सांगतात कडक राहा, पोरांशी हसायचं नाही. वर सांस्कृतिक समिती, रांगोळी, पाहुण्यांचं स्वागत हे सगळं माझ्याकडे आलंय, कारण 'लेडीज स्टाफ आहे'. कधीकधी वाटतं कंपनीच बरी होती.
— नवी निदेशिका, मराठवाडा

उत्तर : मॅडम, आता तुम्ही आमच्यातल्याच, म्हणून घरचं सांगतो.

मी पहिल्यांदा रुजू झालो तेव्हा पोरांनी मला थ्रेड कटिंगचा डेमो मागितला आणि मोठ्या आदराने मशीन नंबर चारवर नेलं. मी कंपनीतून आलेलो, अंगात मस्ती, म्हटलं हे काय, दोन मिनिटांत दाखवतो. पहिला कट बरा आला, दुसऱ्या कटला टूल भलतीकडेच धावलं आणि आटे एकमेकांवर चढले, जॉब गेला. परत केलं, परत तेच. घाम फुटला. पोरं एकदम गप्प, आणि पोरं गप्प असणं हे हसण्यापेक्षा वाईट असतं. शेवटी वर्कशॉपचे शिपाईमामा झाडू मारत मारत जवळ आले आणि हळूच म्हणाले, 'साहेब, चार नंबरची हाफ नट गेलीय, दोन वर्षं झाली.' हाफ नट म्हणजे आटे पाडताना टूलला लीड स्क्रूशी जोडणारी नट. पोरांना माहीत होतं! मग मी म्हटलं चला, खोला हिला. चार पोरांनी लेथचा ॲप्रन, म्हणजे पुढची पेटी उतरवली, झिजलेली हाफ नट हातात घेतली, सगळ्यांनी बघितली. नवीन यायला पुढे आठ महिने लागले ते सोडा. पण त्या दिवसानंतर मला कुणी चार नंबरवर नेलं नाही.

तर पोलचा प्रश्न परत येणार, येऊ द्या. येत असेल तर हो म्हणा, नसेल तर सरळ नाही म्हणा, शिकतेय म्हणा, आणि पुढचं वाक्य असं टाका की 'या बॅचमध्ये बेल्ट आणि हेल्मेट नसताना जो पहिल्या पायरीवर चढेल तो त्या दिवशी घरी जाईल'. आणि मग ते खरंच करा. वायरमनच्या पोरांना बाहेर पोलवर बिनबेल्टचे लोक रोज दिसतात, ते त्यांचे हिरो असतात, हे लक्षात ठेवा.

तुमचा हुकमी एक्का पॅनेल आहे, तो काढा. कंपनीत दोन वर्षं फॉल्ट शोधलेत ना तुम्ही? जिन्याची वायरिंग, गोडाऊनची वायरिंग हे बोर्ड तुमच्याकडे असतीलच. एका बोर्डात गुपचूप फॉल्ट घालून ठेवा, न्यूट्रल सैल करा, टू-वे स्विचच्या वायरी उलटसुलट करा, आणि पोरांना सीरिज लॅम्प (तपासायचा दिवा) देऊन शोधायला लावा. दुसऱ्या आठवड्यात उलटं करा, पोरांनी फॉल्ट घालायचा आणि तुम्ही सगळ्यांसमोर शोधायचा. दोनदा शोधाल, एकदा चुकाल, चुकलात तरी बिघडत नाही. हसायचं नाही वगैरे जे सीनियर सांगतात ते मला कधीच जमलं नाही. वर्कशॉपमध्ये हसू नये ते फक्त मशीन चालू असताना आणि सप्लाय चालू असताना.

अजून एक, स्टोअरकीपरशी नीट वागा. प्राचार्य बदलतात, गटनिदेशक बदलतात, स्टोअरकीपर तिथेच असतो. इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, वेळेत भरा, वापरलेल्या वायरीचे तुकडे मोजून परत द्या. जी वायर दुसऱ्यांना मार्चमध्ये मिळते ती तुम्हाला दिवाळीआधी मिळेल.

निदेशक प्रशिक्षणाचं, म्हणजे सीआयटीएसचं, लगेच बघा. दोन निदेशकांच्या युनिटला नियम असा आहे की एक डिग्री किंवा डिप्लोमावाला पाहिजे आणि दुसरा आयटीआय किंवा अप्रेंटिस केलेला पाहिजे, आणि निदेशक प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट दोघांकडेही पाहिजे. मला हा नियम फार शहाणा वाटतो. डिप्लोमावाल्याला 'का' माहीत असतं, आयटीआयवाल्याला हात कसा धरायचा ते माहीत असतं. तुमच्या शेजारच्या युनिटचे सर आयटीआयवाले असतील तर त्यांच्याकडून क्रिंपिंग आणि जॉइंट शिकून घ्या, लाजू नका, त्यांना ड्रॉइंग वाचायला मदत करा, हिशोब बरोबर.

आता त्या समितीचं. नाही म्हणू नका, तीन आठवड्यांत नाही म्हणायला सुरुवात केली तर ते नाव चिकटतं. पण घ्या आणि आतून बदला. रांगोळी पोरांना काढायला लावा, ड्राफ्ट्समन सिव्हिलची पोरं काय सुंदर काढतात माहितीये का, त्यांना कंपास आणि ग्रिड कळतो. आणि प्राचार्यांना सांगा की सोबत एक उपक्रम मला माझ्या ट्रेडचा द्या. पुढच्या गणपतीत गावातल्या मांडवांची वायरिंग बघायला पोरांना घेऊन जा. उघडे जॉइंट किती, अर्थिंग आहे की नाही, ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) लावलीय का, एवढंच कागदावर लिहायचं आणि मंडळाला द्यायचं. दुरुस्ती पोरांनी करायची नाही, ते लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचं काम, आणि चालू सप्लायला तर बोटपण लावायचं नाही. केरळात २०१८ च्या पुरानंतर तिथली आयटीआयची पोरं आणि निदेशक घरोघर गेले होते, भिजलेली वायरिंग, मिक्सर, पंखे दुरुस्त करून दिले. असलं एक काम झालं की 'लेडीज स्टाफ' हा शब्द आपोआप कमी ऐकू येतो. पूर्ण बंद नाही होणार, खोटं कशाला बोलू.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या पहिल्या वर्षाला आहे, वय १८. रीलमध्ये बघितलं की फ्रान्समध्ये स्किलची ऑलिंपिकसारखी स्पर्धा झाली आणि भारताला मेडल मिळाली. मला पण जायचंय. आमचे नवे सर तासिका तत्त्वावर आहेत, ते म्हणतात आधी सोल्डरिंग नीट कर. ते मला डिमोटिव्हेट करतायत का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही रे बाळा, सर बरोबर बोलतायत.

वर्ल्डस्किल्स म्हणतात त्या स्पर्धेला, दर दोन वर्षांनी असते. सप्टेंबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या ल्योन शहरात झाली, भारताला चार ब्राँझ मिळाली, पेस्ट्री बनवणं, इंडस्ट्री ४.०, हॉटेल रिसेप्शन आणि रिन्यूएबल एनर्जी यांत. त्याआधी २०१९ ला रशियात कझानला एक गोल्ड मिळालं होतं, वॉटर टेक्नॉलॉजीत, आणि तेव्हा आपल्याकडे एकाही पेपरात मोठा फोटो मी तरी पाहिला नाही. तिथे जायचा रस्ता इंडियास्किल्समधून जातो, खालून वर चढत राज्य आणि मग देश. बहुतेक स्किलला वय २२ च्या वर चालत नाही, मोजक्या स्किलना २५ पर्यंत. म्हणजे तुझ्याकडे अजून वेळ आहे पण गाफील राहण्याएवढा नाही. आणि समोर फक्त आयटीआयची पोरं नसतात, इंजिनिअरिंग कॉलेजची, कंपन्यांनी तयार केलेली पोरं पण असतात.

तिथे कुणी 'सांग बघू' म्हणत नाही. प्रोजेक्टचा कागद देतात, घड्याळ लावतात, आणि तू केलेलं काम मोजतात. म्हणून सोल्डरिंग. मोबाईल रिपेअरवाल्याकडून भंगार चार्जरचे बोर्ड आण, रोज एक बोर्ड, सगळे पार्ट काढायचे आणि परत लावायचे, घड्याळ लावून. सरांना फक्त जॉइंट दाखव. एक लक्षात घे, तासिकेवरच्या सरांना तासाचे पैसे मिळतात, पाचनंतर ते तुझ्यासाठी थांबले तर स्वतःच्या खिशातून थांबतात. तेव्हा त्यांच्या तासाच्या पहिल्या दहा मिनिटांतच बोर्ड हातात घेऊन त्यांच्यासमोर उभा राहा, शेवटच्या दहा मिनिटांत नको, तेव्हा त्यांना एसटी पकडायची असते.

प्रश्न : दरवर्षी आमच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला जोरात पूजा होते. यंदा नवे प्राचार्य आले आणि त्यांनी नोटीस लावली, मशीनवर हळदकुंकू, पाणी, नारळ काही चालणार नाही. आम्ही सगळे नाराज आहोत. हे बरोबर आहे का?
— मशिनिस्टची पोरं, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : पूजा बंद करा असं लिहिलंय का नोटिशीत? परत वाचा. मला वाटतं प्राचार्य मूळचे मशिनिस्ट किंवा टर्नर असावेत.

लेथच्या बेडवर नारळ फोडलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. पाणी घसरत गाइडवेवर (ज्या गुळगुळीत पट्ट्यांवर टूल सरकतं त्यावर) गेलं, दसऱ्याची सुट्टी, परवा येऊन बघतो तर तांबूस डाग. घासून गेले पण ती जागा कायमची खरखरीत झाली. हळदकुंकू ऑईलमध्ये मिसळलं की त्याचा लगदा होतो आणि तो बरोबर नको तिथे जाऊन बसतो. ओल्या झेंडूच्या माळा इलेक्ट्रिक पॅनेलला तर बिलकुल नकोत.

असं करा. आदल्या दिवशी मशीन खोलून पुसायची, चिप्स काढायच्या, सगळ्या ऑइल पॉइंटला ऑइल, आणि कूलंटची टाकी साफ करायची. हो, तीच टाकी, जिचा वास येतो म्हणून वर्षभर सगळे एकमेकांकडे बघतात. मग पूजेला एका ट्रेमध्ये हत्यारं मांडा, व्हर्नियर, मायक्रोमीटर, हातोडी, कानस, त्यांना फूल वाहा, माळ मशीनच्या गार्डला बाहेरून बांधा, ती पण सुकीच. पेढे खा. प्राचार्यांना बोलवा, ते येतील.

जाता जाता, विश्वकर्मा जयंती सरकारी कार्यक्रमात १७ सप्टेंबरला असते, २०२२ ला आयटीआयचा पहिला दीक्षान्त समारंभ पण त्याच दिवशी झाला. आपल्याकडे सुतार-लोहार मंडळी मात्र ती माघात करतात. तेव्हा पेढे खायला अजून दोन तारखा आहेत, टाकी मात्र तीनही वेळा साफ करायची.

प्रश्न : दहावी झाली, मला वेल्डर ट्रेड घ्यायचाय. घरचे म्हणतात डोळे जातील, शिवणकामाचा घे. मुलींना वेल्डरला जागा असतात का?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : असतात, मुलींसाठी ३० टक्के आरक्षण आहे आणि ते भरत नाही म्हणून जागा जातात. वेल्डर एक वर्षाचा, आठवी पासला पण मिळतो. डोळे जात नाहीत, पण काच न लावता आर्क बघितला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि झोप येत नाही, ते खरंय. शिल्ड नेहमी लावायची, कपडे सुती, ओढणी नाही, नायलॉनचं तर काहीच नाही कारण ते वितळून कातडीला चिकटतं. घरच्यांना एकदा वर्कशॉप दाखवायला घेऊन जा. बहुतेक निदेशक नाही म्हणत नाहीत.

प्रश्न : आमचे सर या महिन्यात रिटायर होतायत, नवे सर जॉइन पण झालेत. निरोप समारंभाला काय द्यावं? पैसे जमलेत अडीच हजार. शाल-श्रीफळ आणि घड्याळ असं ठरतंय.
— टर्नरचं दुसरं वर्ष, सोलापूर

उत्तर : घड्याळं माझ्याकडे तीन आहेत, एकही लावलेलं नाही.

पैसे परत वाटून टाका किंवा नव्या सरांसाठी चांगली स्टीलची पट्टी घ्या, जुनी कुणीतरी नेलेली असणारच. आणि जाणाऱ्या सरांना तुम्ही केलेली वस्तू द्या. नव्या सरांना विश्वासात घ्या, ते स्टोअरमधून एक राउंड बार मिळवून देतील, तुमची त्यांची ओळखही होईल. माझ्या शेवटच्या बॅचने मला पितळेची छोटी हातोडी दिली होती, नर्लिंग केलेला (पकडायला खरखरीत नक्षी पाडलेला) दांडा, वर माझ्या नावाची अक्षरं ठोकलेली. टेबलावर ठेवलीय, बदाम फोडायला वापरतो. दांड्याचं भोक दीड मिलीमीटर एका बाजूला गेलंय, त्यामुळे ती कधी सरळ उभी राहत नाही. जॉब म्हणून आली असती तर दहापैकी पाच दिले असते.